पहिलं कस्टम वॉटर कूलिंग: आधी मे महिन्यातली खोली मोजा

पाणी उष्णता संपवत नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डवरची उष्णता उचलून ते रेडिएटरपर्यंत (पाणी गार करणाऱ्या जाळीपर्यंत) नेतं, आणि तिथून पंखे ती खोलीतल्या हवेत सोडतात. ५०० वॅट खाणारा संगणक हवेवर चालवा नाहीतर पाण्यावर, खोलीत तेवढीच उष्णता पडणार. आणि ज्या हवेने पाणी गार करायचं त्या हवेपेक्षा ते जास्त गार होणं शक्यच नाही.

कोल्हापुरात याचे दोन अर्थ निघतात. पहिला दिलासा देणारा. जुलैत भिंतींना ओल येते, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तेव्हा संगणकातल्या नळ्यांवर पाणी सुटेल अशी भीती अनेकांना वाटते. पण हवेतली वाफ साचायला पृष्ठभाग हवेपेक्षा गार लागतो. चालू लूप (पंप, नळ्या आणि रेडिएटर यांतून फिरणाऱ्या पाण्याचं वर्तुळ) कायम खोलीपेक्षा गरमच असतो, त्यामुळे बाहेरून पाणी सुटत नाही. दुसरा अर्थ मात्र सगळ्या नियोजनाचा पाया आहे. एप्रिल-मेमध्ये थेट स्लॅबखालच्या खोलीत संध्याकाळीसुद्धा ३५-३६ अंश सहज असतात. थंड देशातल्या व्हिडिओत २२ अंशांच्या खोलीत दाखवलेले आकडे इथे लागू पडत नाहीत. म्हणून काहीही मागवण्याआधी एक साधा थर्मामीटर घ्या. संगणक जिथे ठेवणार तिथे, दार-खिडक्या रोज असतात तशाच ठेवून, तासभर जड गेम चालू ठेवा आणि मग आकडा बघा. हिवाळ्यात मोजत असाल तर उन्हाळ्याचा विचार करून त्यात वाढ धरा. पुढचा हिशेब या आकड्यावर चालतो.

गरज कुणाला आहे

तुमचा प्रोसेसर ९०-१०० वॅटचा आणि ग्राफिक्स कार्ड २०० वॅटच्या आतलं असेल, तर हवेवर चालणारा चांगला टॉवर कूलर आणि हवेशीर कॅबिनेट पुरेसं आहे. कस्टम लूपचा, म्हणजे सुटे भाग घेऊन स्वतः जोडलेल्या लूपचा, खरा फायदा ग्राफिक्स कार्डला होतो. कार्डची चिप मोठी आणि उघडी असते, ब्लॉक (आतून पाणी फिरणारा धातूचा ठोकळा) थेट तिच्यावर बसतो, त्यामुळे पूर्ण भारावर ती पाण्याच्या तापमानापेक्षा साधारण १० ते १५ अंशांनीच वर राहते. प्रोसेसरचं तसं नाही. त्याची उष्णता लहानशा चिपमधून वरच्या धातूच्या झाकणापर्यंत पोचतानाच अडते, आणि ही अडचण कितीही महागडा ब्लॉक लावला तरी सुटत नाही. २५० वॅट खाणारा प्रोसेसर पाण्यावरही ८५-९० अंश दाखवू शकतो. तेवढ्यावरून लूप चुकला असं समजू नका.

वॅट आणि रेडिएटर

ढोबळ नियम असा: १२० मिमीच्या एका पंख्याइतकी रेडिएटरची जागा, पंखा १०००-१२०० आरपीएमवर मध्यम आवाजात फिरत असताना, साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकते आणि पाणी खोलीपेक्षा सुमारे १० अंश वर राहतं. उष्णता वाढली की हा फरकही जवळपास त्याच प्रमाणात वाढतो.

उदाहरण घेऊ. प्रोसेसर रायझन ७ ९८००एक्स३डी आणि ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०७० टीआय सुपर. कार्डची मर्यादा २८५ वॅट. प्रोसेसर सगळ्या कोअरवर काम पडलं तर १६२ वॅटपर्यंत जातो, गेममध्ये मात्र ९० धरा. म्हणजे गेम खेळताना पाण्यात सुमारे ३७५ वॅट जाणार. फक्त एक ३६० चा (१२० मिमीच्या तीन पंख्यांचा) रेडिएटर लावला तर तीन पंख्यांवर प्रत्येकी १२५ वॅट येतात. पाणी खोलीच्या १२-१३ अंश वर जाईल, मेमध्ये ४८-४९ अंश. ३६० बरोबर २४० चा दुसरा जोडला तर पाच जागा मिळतात, प्रत्येकी ७५ वॅट, फरक सात-आठ अंशांवर येतो आणि पाणी ४४ च्या आसपास थांबतं. हाच संगणक २४ अंशांच्या एसी खोलीत असेल तर एका ३६० वर पाणी ३७ वरच राहतं. तिथे दुसऱ्या रेडिएटरचा खर्च केवळ आवाज कमी करण्यासाठी. खोलीचा आकडा आधी मागितला तो यासाठीच.

पाण्याची कमाल मर्यादा मेच्या दुपारी ४८-५० अंश धरा. डी५ जातीच्या पंपाला ६० अंशांपर्यंतच्या पाण्याची परवानगी असते, पण तिथवर जायचं नाही. गरम पाण्यात नळ्या मऊ पडतात आणि सांधे सैलावतात.

एक सवाल हमखास येतो: पाणी आधी प्रोसेसरकडे न्यायचं की कार्डकडे? मिनिटाला ४ लिटर पाणी फिरत असेल आणि त्यात ४०० वॅट पडत असतील, तर संपूर्ण फेरीत पाण्याच्या तापमानात जेमतेम दीड अंशाचा फरक पडतो. त्यामुळे क्रमाची चिंता सोडा, जिथून नळी आखूड आणि सरळ जाते तिथून न्या. अट एकच, रिझर्व्हॉयर (पाण्याची छोटी टाकी) पंपाच्या लगेच आधी आणि त्याच्यापेक्षा वर हवा, म्हणजे पंपाला नेहमी पाणी मिळेल. रिझर्व्हॉयर मोठा घेतल्याने तापमान उतरत नाही, फक्त पाणी भरणं सोपं जातं. १५० मिलीचा पुरतो.

कॅबिनेटमध्ये बसतं का

३६० असं नाव असलेला रेडिएटर दोन्ही टोकांच्या टाक्या धरून ४०० मिमीच्या आसपास लांब असतो. बारीक रेडिएटरची जाडी ३० मिमी आणि पंख्याची २५, म्हणजे ५५ मिमी. छताला लावताना हे ५५ मिमी मदरबोर्डच्या वरच्या हीटसिंकला आणि उंच रॅमला आडवे येतात. पुढे लावताना ग्राफिक्स कार्डची लांबी आड येते. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात '३६० सपोर्ट' लिहिलेलं असतं, पण तेव्हा रॅम किती उंच धरली आहे हे लिहिलेलं नसतं.

यावर खात्रीचा उपाय पुठ्ठा. खोक्याचा पुठ्ठा कापून ४०० × १२० × ५५ मिमीचा डमी बनवा, चिकटपट्टीने पक्का करा आणि कॅबिनेटमध्ये धरून बघा. ज्या टोकाला नळी जोडायची आहे तिथे आणखी ४०-५० मिमी मोकळे लागतात, कारण फिटिंग आणि नळीचं वळण त्यात बसायचं असतं. अर्ध्या तासाच्या या कामाने रेडिएटर परत पाठवायची वेळ टळते.

फिटिंग, नळी आणि उद्यमनगरचा मोह

प्रोसेसर ब्लॉक, कार्डचा ब्लॉक, दोन रेडिएटर आणि पंप-रिझर्व्हॉयर असे पाच भाग गोलाकार जोडायचे तर पाच नळ्या लागतात, आणि प्रत्येक नळीला दोन, अशी दहा कॉम्प्रेशन फिटिंग (नळी आवळून धरणारे जोड). शिवाय ९० अंशांची तीन-चार फिरती, ४५ ची दोन, आणि निचऱ्यासाठी एक टी (तीन तोंडांचा जोड), एक बॉल व्हॉल्व्ह, दोन्हीकडे बाहेरचे आटे असलेला एक जोड आणि एक प्लग. दोन फिटिंग जादा ठेवा. बजेट कोलमडतं ते बहुतेक वेळा फिटिंगमुळेच, कारण यादी करताना त्यांच्याकडे लक्षच जात नाही.

या सगळ्यांचे आटे जी १/४ मापाचे असतात. हेच पाव इंची बीएसपी आटे न्यूमॅटिकच्या (दाबाच्या हवेवर चालणाऱ्या यंत्रांच्या) कामात रोज वापरले जातात. त्यामुळे ऑनलाइन फिटिंगची किंमत बघितली की शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोलीला, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, जाऊन पितळी फिटिंग आणावीत असं वाटणं साहजिक आहे. इथे तीन गोष्टी तपासा. पहिली, आटे समांतर आहेत की निमुळते. जी म्हणजे समांतर, आर म्हणजे निमुळते. व्हर्निअरने पहिल्या आणि शेवटच्या आट्याचा बाहेरचा व्यास मोजा. दोन्हीकडे १३.१ मिमीच्या आसपास सारखा भरला तर समांतर, टोकाकडे कमी होत गेला तर निमुळता. निमुळतं फिटिंग पाचरीसारखं बसतं आणि टेफ्लॉन टेप लावून आवळलं की अ‍ॅक्रिलिकचा ब्लॉक किंवा रिझर्व्हॉयर तडकतो. चीर लगेच दिसतेच असं नाही, आठवड्याभरानेही उमटते. दुसरी, आट्यांची लांबी. लूपच्या फिटिंगचे आटे चार-पाच मिमीच असतात. त्यापेक्षा लांब आटे ब्लॉकच्या आतल्या भिंतीला टेकतात, मग ओ-रिंग (फिटिंगची रबरी कडी) दबत नाही आणि सांधा गळतो. तिसरी, धातू. अ‍ॅल्युमिनियम किंवा जस्ताचा भाग नको. उद्यमनगरची खरी मदत घ्यायची तर पंपाचा ब्रॅकेट, रेडिएटरची पट्टी, अ‍ॅक्रिलिकची कापाकापी यासाठी घ्या. ती कामं तिथे उत्तम होतात.

लूपच्या फिटिंगमध्ये पाणी अडवते ती ओ-रिंग, आटे नव्हेत. म्हणून टेप नको आणि पान्हाही नको. हाताने फिरवून ओ-रिंग टेकली की वर पाव फेरा, बस.

पहिल्या लूपला मऊ नळी घ्या. कडक नळी देखणी दिसते, पण ती तापवून वाकवताना माप चुकलं की तुकडा वाया जातो, आणि पुढे एखादा भाग बदलला की नळ्या पुन्हा करायला लागतात. मऊ नळीत १०/१६ मिमी हे माप चांगलं, म्हणजे आतून १० आणि बाहेरून १६. भिंत जाड असल्याने ती वळणावर चेपत नाही. इंचात हेच ३/८-५/८ म्हणून विकतात. १०/१३ स्वस्त आहे पण आखूड वळणावर मोडते. फिटिंगवरचं माप आणि नळीचं माप तंतोतंत जुळलं पाहिजे, १०/१६ च्या फिटिंगमध्ये १०/१३ ची नळी धरत नाही. पारदर्शक पीव्हीसी नळीतून हळूहळू प्लास्टिसायझर (नळी मऊ ठेवणारं रसायन) सुटतो आणि ब्लॉकच्या बारीक फटींत पांढरा थर जमतो. काळी ईपीडीएम रबराची नळी या त्रासापासून मुक्त आहे आणि तिच्यातून उजेडही जात नाही, म्हणून शेवाळ्याचा धोका कमी. बागेची किंवा वॉटर प्युरिफायरची नळी वापरू नका. दोन मीटर पुरतात, तीन घ्या.

पाणी कुठलं

नळाचं, बोअरचं, उकळून गाळलेलं, आरओचं, यातलं कुठलंच नको. क्षार आणि क्लोराइड ब्लॉकच्या फटींत बसतात आणि धातू खातात. डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी लागतं. बॅटरीच्या दुकानात 'बॅटरी वॉटर' म्हणून मिळतं ते हेच, पण बाटलीवर डिस्टिल्ड किंवा डीएम असं छापलेलं वाचूनच घ्या. त्याच दुकानात बॅटरीचं अ‍ॅसिड तशाच कॅनमध्ये असतं, तेव्हा सुटं, लेबल नसलेलं पाणी घेऊ नका. लूपमध्ये साधारण एक लिटर मावतं. भाग धुवायला धरून पाच-सहा लिटर आणा.

नुसतं डिस्टिल्ड पाणी फार दिवस ठेवू नये. त्यात गंजरोधक आणि जंतुनाशक हवं. पहिल्या खेपेला लूपसाठीच बनवलेला पारदर्शक, रंगहीन कूलंट किंवा त्याचं कॉन्सन्ट्रेट घ्या आणि बाटलीवरच्या प्रमाणातच मिसळा. दुधाळ रंगाचे कूलंट टाळा. त्यातले कण खाली बसतात आणि ब्लॉक तुंबतो. तांब्या-पितळेला निकेलचा मुलामा दिलेले ब्लॉक असतील तर चांदीची कॉइल टाकू नका, मुलामा उडू शकतो. 'वीज वाहत नाही' असं कूलंटवर लिहिलेलं नव्या बाटलीपुरतं खरं. लूपमध्ये फिरता फिरता ते धातूचे आयन उचलतं आणि वाहक होतं.

तांबं, पितळ आणि निकेलचा मुलामा हे एकत्र नांदतात. अ‍ॅल्युमिनियम त्यांच्यात आलं की पाणी त्या दोन धातूंमध्ये बॅटरीचं काम करतं आणि अ‍ॅल्युमिनियम गळून जातं. जुन्या तयार लिक्विड कूलरचा रेडिएटर वाचवून वापरण्याचा विचार इथेच सोडा, कारण तो बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमचा असतो.

ग्राफिक्स कार्डचा ब्लॉक

ब्लॉक चिपच्या नावावर मिळत नाही, सर्किट बोर्डावर मिळतो. एकाच ४०७० टीआय सुपरची वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं आतून वेगळी असतात. कंपनीचं पूर्ण मॉडेल नाव घेऊन ब्लॉक बनवणाऱ्याच्या यादीत शोधा. नवं कार्ड घ्यायचं असेल तर आधी ब्लॉक मिळतोय का बघा, मग कार्ड निवडा. कूलर काढल्यावर वॉरंटी राहते का हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

कार्ड आल्यावर लगेच उघडू नका. मूळ कूलरवर आठवडाभर चालवा. सदोष कार्ड असेल तर तेव्हाच कळेल आणि सुखाने परत जाईल. उघडताना थर्मल पॅडची (चिप आणि ब्लॉक यांच्यामधल्या, उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्टीची) जाडी ब्लॉकच्या पुस्तिकेत कुठे ०.५, कुठे १, कुठे १.५ मिमी अशी दिलेली असते, ती चुकवू नका. जाड पॅड पडला तर ब्लॉक चिपवर नीट टेकत नाही आणि कार्ड भलतंच तापतं. मूळ कूलर आणि त्याचे स्क्रू पाकिटात नाव लिहून जपून ठेवा.

जोडणी आणि गळतीची चाचणी

नवा रेडिएटर आतून स्वच्छ नसतो. डाख देताना वापरलेल्या फ्लक्सचे अवशेष त्यात असतात. गरम डिस्टिल्ड पाणी अर्धं भरा, तोंडं बंद करा, दोन मिनिटं हलवा, पांढऱ्या भांड्यात ओता. पाणी निर्मळ निघेपर्यंत करत राहा. अ‍ॅक्रिलिकचे भाग कधीही स्पिरिटने किंवा आयसोप्रोपिलने पुसू नका. आट्यांभोवती बारीक भेगा पडतात.

पंख्याचे स्क्रू लावताना थांबून मापा. २५ मिमीच्या पंख्याला बहुधा ३० मिमीचा स्क्रू असतो, म्हणजे पाच मिमी आत. ३५ चा घातला आणि छिद्राखाली संरक्षक पट्टी नसेल, तर तो सरळ पाण्याच्या नळीत घुसतो आणि रेडिएटर कायमचा गेला. काही रेडिएटरना एम३, काहींना एम४, काहींना ६-३२ चे स्क्रू लागतात. सोबत आलेलेच वापरा.

प्रोसेसर ब्लॉकला आत आणि बाहेर अशी ठरलेली दिशा असते, रेडिएटरला नसते. निचऱ्याचा टी लूपच्या सगळ्यात खालच्या जागी लावा. तो नसेल तर वर्षभराने पाणी बदलताना नळी सोडायची वेळ येते आणि अर्धा लिटर कूलंट ग्राफिक्स कार्डवर सांडतो.

पाणी भरण्याआधी हवेची चाचणी घ्या. एका पोर्टला (नळी जोडायच्या तोंडाला) ० ते १ बारचा गेज आणि सायकलचा हातपंप जोडता येईल असा अडॅप्टर घ्या. ०.५ बार हवा भरा आणि अर्धा तास काटा बघा. हलला नाही तर पुढे जा. एक बारच्या वर जाऊ नका, अ‍ॅक्रिलिक फुटू शकतं. काटा उतरत असेल तर साबणाचं पाणी बोर्डावर लावू नका. एकेक सांधा हाताने तपासा आणि ओ-रिंग मुरडली आहे का बघा.

मग पाणी. मदरबोर्डची २४ पिनची, प्रोसेसरची आणि ग्राफिक्स कार्डची वायर एसएमपीएसपासून (संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्यापासून) सोडवा, फक्त पंप जोडलेला ठेवा. २४ पिनच्या प्लगमध्ये १६ आणि १७ क्रमांकाच्या पिन जोडल्या की एसएमपीएस सुरू होतो. यासाठी तयार जम्पर मिळतो, तो घ्या. रिझर्व्हॉयर भरा, पंप चार-पाच सेकंद चालवा, पातळी उतरली की बंद करा, पुन्हा भरा. डी५ चं बेअरिंग पाण्यावरच चालतं, कोरडा फिरवला तर झिजतो. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवा, कॅबिनेट पुढे-मागे, डावी-उजवीकडे कलवा म्हणजे रेडिएटरमधली हवा निघेल. काही तास, शक्य असेल तर रात्रभर चालू द्या.

टिश्यू ओला दिसला तर वीज बंद, सांधा दुरुस्त, आणि बोर्डावर थेंब पडला असेल तर डिस्टिल्ड पाण्याने ती जागा पुसून पंख्यासमोर दोन दिवस वाळवायचं. जुलै-ऑगस्टच्या हवेत दोन दिवसही कमी पडतात. निवड हातात असेल तर जोडणी पावसाळा संपल्यावर करा.

पंपाची वीज थेट एसएमपीएसवरून घ्या. साध्या फॅन हेडरवर (मदरबोर्डवरच्या पंख्याच्या जोडणीवर) १ अँपिअर म्हणजे १२ वॅट मिळतात आणि डी५ पूर्ण वेगात २० च्या वर जाऊ शकतो. त्याची वेग सांगणारी वायर तेवढी सीपीयू फॅन हेडरला जोडा, म्हणजे पंप बंद पडल्यास मदरबोर्ड सुरू होतानाच इशारा देईल. एक १० किलोओमचा तापमान सेन्सर लूपमध्ये बसवा आणि पंखे पाण्याच्या तापमानावर बांधा. प्रोसेसरचं तापमान सेकंदाला १५-२० अंश उड्या मारतं आणि पंखे उगाच ओरडतात. ४० अंशांपर्यंत मंद, ४८ ला पूर्ण, हे आपल्याकडे वर्षभर चालतं.

पहिल्या आठवड्यात रिझर्व्हॉयरची पातळी थोडी उतरेल, ती अडकलेली हवा बाहेर पडल्यामुळे. त्यानंतरही उतरत राहिली तर गळती शोधा. पंपाचा खडखडाट म्हणजे हवा. पाणी धुरकट होऊन कार्ड हळूहळू गरम व्हायला लागलं तर ब्लॉक तुंबलाय, उघडून मऊ टूथब्रशने घासा. रेडिएटरमधली धूळ दर दोन-तीन महिन्यांनी ब्लोअरने काढा, पंखे बोटाने धरून, आणि रस्त्याकडेच्या घरात दर महिन्याला. कूलंट वर्षातून एकदा बदला. हे काम मार्चमध्ये ठेवलंत तर मेच्या आधी सगळे सांधे एकदा डोळ्यांखालून जातात.